तिसऱ्या बशीपर्यंतचा प्रवास

माझ्या या प्रवासाच्या दोन हकीकती सध्या बोरीवलीत फिरत आहेत आणि त्या दोन्ही खोट्या आहेत. आमच्या उद्यानाच्या कट्ट्यावर खानोलकर असे सांगतात की, दळवी नातीच्या प्रयोगशाळेत गेला, तिथे चक्कर येऊन पडला आणि घाबरून गोड सोडून बसला. त्यांच्या पत्नीची आवृत्ती अशी, की मी नातीचा सगळा प्रयोग नासवला आणि त्या पोरीला रडवले. मी पडलो नाही. नात रडली नाही. जे नासले ते एका करंगळीएवढ्या कुपीत मावत होते. त्याचा मजकूर पुढे येईलच. तो मी लपवणार नाही.

खानोलकर गेल्या वर्षी युरोपला जाऊन आले. अकरा दिवसांत सात देश पाहिल्याचे वर्णन त्यांनी आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकात चार पाने लिहिले. अंधेरीपर्यंत गेलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहू नये, असे त्यांचे मत आहे. माझे मत असे, की त्यांनी सात देशांत जे पाहिले त्याची छायाचित्रे घरबसल्या मिळतात. मी जे पाहिले ते वाचकांपैकी प्रत्येकाच्या अंगात आहे आणि तरी एकानेही पाहिलेले नाही. म्हणून हे लिहितो.

बोरीवली, निघण्यापूर्वी

परळच्या एका गिरणीच्या रंगखात्यात मी मदतनीस म्हणून लागलो आणि गिरणी बंद झाली तेव्हा रंगमास्तर होतो. कापडाची छटा नमुन्याशी जुळली की नाही, हे माझ्या डोळ्याने ठरत असे. मालक वाद घालीत, गिऱ्हाइके वाद घालीत. शेवटी माझीच छटा पास होई.

साखरेचा विकार मला सोळा वर्षे आहे आणि त्यासाठी मी माझी स्वतःची एक पद्धत बसवली होती. रक्ततपासणीआधी तीन दिवस भात, पोळी, फळे, गोड, सारे बंद. मेथी, कारले, ताक आणि राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापर्यंत दोन वेळा चालणे. चौथ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त. रिपोर्ट निर्मळ येई. तो हाती पडला की त्या दुपारपासून पुढच्या तपासणीपर्यंत श्रीखंड, आमरस, नारळाच्या वड्या, कशालाही मज्जाव नाही. कट्ट्यावरच्या पाच जणांना मी ही पद्धत शिकवली. पहिले शिष्य खानोलकर.

मग माझ्या डाव्या डोळ्यापुढे एक धुरकट ठिपका येऊन बसला. नेत्रतज्ज्ञ बाईंनी तपासून सांगितले की, डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होऊन पाझरत आहेत, हे साखरेमुळे झाले आहे. डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागतील आणि साखर खरोखरीच ताब्यात आणावी लागेल, नाहीतर तो डोळा जाईल. मी त्यांच्या टेबलावर माझे सगळे रिपोर्ट मांडले. साखर जर नॉर्मल आहे तर साखरेने डोळा कसा जाईल, असे विचारले. त्या म्हणाल्या, गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करून या. ही तपासणी मी सोळा वर्षे टाळत आलो होतो. मी रिपोर्ट गोळा केले आणि उठून आलो.

माझ्या मुलीची मुलगी शाल्मली अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते आणि तिचा विषय नेमका हाच आहे, की रक्तात साखर वाढली म्हणजे रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींना काय होते. घरातले सगळे माझ्याशी भांडून दमल्यावर ती आली आणि शांतपणे म्हणाली, "आबा, मी भांडत नाही. तुम्ही रंग बघून खरं-खोटं सांगता ना? मग या आणि बघा. तुमचं खरं निघालं तर आई परत विषय काढणार नाही. माझं खरं निघालं तर ती तपासणी करायची आणि इंजेक्शन घ्यायचं."

मला हे आव्हान मनापासून आवडले. गेल्या कित्येक वर्षांत कोणी मला पुरावा दाखवतो म्हणून बोलावले नव्हते; सगळे नुसता उपदेश करीत होते.

मुलुंड, पहिला दिवस

प्रयोगाला लागणाऱ्या पेशी कुठून आणतात, याची मला कल्पना नव्हती. त्या नाळेतून काढतात. बाळंतपणानंतर जी नाळ आपण टाकून देतो, तिच्यात एक मोठी शीर असते आणि त्या शिरेच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच पातळ थर असतो. तेच अस्तर आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला असते, डोळ्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. म्हणून आमचा प्रवास मुलुंडच्या एका प्रसूतिगृहातून सुरू झाला.

तिथला कारभार कांबळे सिस्टरांच्या हाती. लातूरकडच्या, उंच, आणि आवाजाने सगळे मजले सांभाळणाऱ्या. मी दारातून आत डोकावताच त्यांनी मला बाकावर बसवले आणि सांगितले, "बाबा, नातीबरोबर आलात ना, मग तिथंच बसायचं. इथं पुरुषाची जात नुसती येरझाऱ्या घालती, काम कुणीच करत नाही." मी चौतीस वर्षे रंगखाते चालवले, हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, छान, मग आता बसा.

बाळंतिणीने संमतीच्या कागदावर आधीच सही केली होती. अडले ते तिच्या सासूबाईंपाशी. बाई देवगडच्या, म्हणजे आमच्याच मुलखातल्या. बर्फाच्या पेटीतली बाटली पाहून त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमी नाळ पुरतो. ती बाटलयेत घालून खंय धाडतास?"

आमच्या गावी नाळ परसात, माडाच्या मुळाशी पुरतात. माझीही तशीच पुरलेली आहे. त्यामुळे बाईंचे म्हणणे मला चूक वाटेना आणि शाल्मलीचेही. कांबळे सिस्टरांनी मात्र हा तंटा पूर्वी अनेकदा सोडवला असावा. नाळ भरपूर लांब असते, प्रयोगाला वीतभर पुरते, उरलेली तुम्हाला फडक्यात बांधून देते, असे त्यांनी सांगितले. बाईंनी विचारले, मुलुंडात पुरायची कुठे. सिस्टर म्हणाल्या की, त्यांच्याकडे गावाकडून आलेल्या सगळ्या सासवा हेच विचारतात आणि सगळ्यांनी आजवर कुंडी विकत घेतली आहे.

मुलगी झाली म्हणून त्या घरच्यांनी जिलेबी वाटली. आमच्याकडे गूळखोबरे देत. इथे मुलाला पेढा आणि मुलीला जिलेबी. मी तीन घेतल्या. शाल्मलीने त्या बोटांवर मोजल्या. मोजण्याची ही सवय तिला तिच्या आजीकडून आली आहे.

अंधेरी, त्याच दुपारी

पवईच्या तलावावरून टॅक्सीने येताना ती पेटी माझ्या मांडीवर होती. चालकाने विचारले, पापलेट का. मी हो म्हटले. खरे सांगत बसलो असतो तर त्याने गाडी थांबवली असती.

प्रयोगशाळा एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. जिन्यात शाईचा वास आणि वर पोहोचताच स्पिरिटचा. मला झगा, टोपी आणि हातमोजे घालण्यात आले. शाल्मलीने नाळेची शीर शोधली, ती आतून धुतली, मग अस्तर सोडवणारे एक द्रव्य आत भरून दोन्ही टोके चिमट्यांनी बंद केली. थोड्या वेळाने ते द्रव्य बाहेर काढले आणि त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

मी पाहिले. गोल, चकचकीत, टाचणीच्या डोक्यासारख्या शेकडो पेशी तरंगत होत्या. सकाळी जन्मलेल्या मुलीच्या शिरेचे अस्तर माझ्यासमोर सुटे होऊन पडले होते आणि जिवंत होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्या अंगावर काटा आला. खानोलकरांना युरोपातल्या कुठल्या पर्वतावर आला होता म्हणतात. मला त्याबद्दल त्यांचा हेवा उरलेला नाही.

मग जेवताना तिने मला मूळ गोष्ट समजावली. डबा तिच्या आईने दिलेला होता, माझ्यासाठी वेगळी भाकरी आणि त्यावर माझे नाव. स्नायूच्या पेशीचे दार, शाल्मली म्हणाली, इन्सुलिनने ठोठावल्याशिवाय साखरेला उघडत नाही. अस्तराच्या पेशीला असा बंदोबस्त नाही. रक्तात साखर वाढली की तिच्या आतही वाढते. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या असतात, त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त जळण पडते. मग इलेक्ट्रॉन वाटेतच गळतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. असा ऑक्सिजन बेभान होतो; पेशीचे स्वतःचेच सामान ऑक्सिडाइज करीत सुटतो. रक्तवाहिनीला सैल व्हायचा निरोप देणारा एक वायू असतो, त्यालाही तो मध्येच गाठून निकामी करतो. पेशीकडे याला आवरणारी द्रव्ये असतात, पण ती संपतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. अस्तर आजारी पडते, वाहिनी आखडते, पाझरते.

"आणि हे होताना दुखत नाही, आबा," ती म्हणाली. "म्हणून कुणाला पटत नाही."

मी म्हटले, ऑक्सिडाइज होणे काय असते ते मला शिकवू नकोस, माझा जन्म त्यात गेला. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक आणि हायड्रोस ही रसायने घालून त्याची तब्येत बदलावी लागते, तेव्हा कुठे तो विरघळतो. कापड हौदातून निघते ते हिरवट-पिवळे, आणि हवेतला ऑक्सिजन लागला की डोळ्यांदेखत निळे होते. नवखी माणसे हे पाहून हरखून जात. शाल्मलीही हरखली. तिने जेवण अर्धे टाकून मला कागदावर ते सगळे लिहून द्यायला लावले, कारण तिच्या प्रयोगातला रंगही तसाच निघाला. तो बिनरंगी असतो, पेशीत शिरतो आणि आत बेभान ऑक्सिजन भेटला तर ऑक्सिडाइज होऊन हिरवा चमकतो. जितकी चमक जास्त तितका आत मारा जास्त.

म्हणजे निवाडा छटेवर होणार होता. मी मनात म्हटले, आता ही पोरगी माझ्या मैदानात आली.

अंधेरी, बारावा दिवस

आता ती कुपी. पेशी काचेच्या बशांत वाढून तयार झाल्या होत्या आणि खऱ्या प्रयोगाआधी शाल्मली काही बशांना कमी-जास्त साखर देऊन रंगाची चाचणी घेणार होती. ती शेजारच्या खोलीत गेली असताना टेबलावर चांदीच्या कागदात गुंडाळलेली एक कुपी मला दिसली. रंगखात्यात आम्ही कुठलाही रंग दिव्याखाली पास केला नाही. उत्तरेकडच्या खिडकीत, दिवसाच्या उजेडात धरूनच छटा पाहायची, हा दंडक. मी कागद काढला, कुपी उत्तरेच्या खिडकीत ठेवली आणि चष्मा पुसत तिच्याकडे चांगली पंधरा मिनिटे पाहिले. मग होती तशी गुंडाळून ठेवली.

चाचणीत सगळ्याच बशा चमकल्या. नेहमीची साखर दिलेलीसुद्धा. शाल्मलीचा चेहरा उतरला. पेशीच बिघडल्या असे तिला वाटले, आणि पेशी बिघडल्या म्हणजे मुलुंडपासून पुन्हा सुरुवात. कारण मी ओळखले. मी सांगितले, पेशी चांगल्या आहेत, रंग आधीच ऑक्सिडाइज झालेला आहे.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी तो उजेडात ठेवला होता."

तिने तो चांदीचा कागद उचलून माझ्यापुढे धरला. "आबा, तो उजेडात बघायचाच नसतो हो. म्हणून तर फॉइल."

"रंग उजेडात न बघता वापरणारे खाते मी पहिल्यांदा पाहतो आहे," मी म्हणालो. यावर ती खुर्चीवर बसून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. सौ. खानोलकर ज्याला रडणे म्हणतात ते हे. शाल्मलीच्या वरिष्ठ बाईंनी मात्र मला व्यवस्थित झापले आणि ते मी ऐकून घेतले, कारण त्यांच्या जागी मी असतो तर मी जास्त झापले असते. रंगाची दुसरी कुपी होती. चाचणी दुसऱ्या दिवशी नीट पार पडली. प्रयोग नासला, हे धादांत असत्य आहे.

अंधेरी, सव्विसावा दिवस

मेट्रोने आलो. उंचावरून एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आणि खाली हमरस्ता. मी एरवी हे तासभर वर्णन करीन, पण त्या दिवशी माझे लक्ष नव्हते.

खोली अंधारी केलेली. तीन बशा. मी एकच अट घातली होती, की बशांवर नावे नकोत, नुसते आकडे. छटा पास करणाऱ्याला माल कोणाचा हे कळता कामा नये. शाल्मलीने हे आनंदाने मान्य केले. त्यांच्यातही तसेच करतात म्हणाली.

पहिल्या बशीत काळोख आणि त्यात फिकट, धूसर हिरवी नक्षी. पेशी फरशीच्या तुकड्यांसारख्या एकमेकींना लागून बसलेल्या. दुसरीत हिरवा रंग ठळक, पेशींच्या कडा ओढलेल्या. तिसरी पाहिली आणि मी डोळा मागे घेतला. तिथे हिरवा रंग पेटलेला होता. आणि फरशी जागोजागी उखडलेली, पेशींमध्ये फटी पडलेल्या. मी पुन्हा तिन्ही पाहिल्या, उलट्या क्रमाने पाहिल्या, मग कागदावर स्वतःच्या हाताने लिहिले: एक फिकी, दोन गडद, तीन सर्वांत गडद. खाली सही केली. यंत्राने मोजलेले आकडे नंतर तिने दाखवले. क्रम तोच. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या दोघातिघांशी हस्तांदोलन केले. माझा डोळा अजून चुकत नव्हता.

मग मी विचारले, कोणती कोणाची.

एक नंबरला सारा वेळ नेहमीएवढी साखर. दोन नंबरला सारा वेळ जास्त. "आणि तीन?" मी विचारले. मला वाटले, तिला आणखी दुप्पट साखर दिली असणार.

"तीन नंबर तुमची, आबा," शाल्मली म्हणाली. "काही दिवस जास्त साखर, मग तीन दिवस नॉर्मल. परत जास्त, परत तीन दिवस नॉर्मल. शेवटचे तीन दिवस पण नॉर्मलच होते."

मी म्हणालो, हे शक्य नाही. शेवटचे तीन दिवस साखर बरोबर असेल तर त्या पेशी निवल्या पाहिजेत. माझा रिपोर्ट तेच सांगतो.

"रिपोर्ट पेशींभोवतीच्या पाण्याचा असतो. बशीतलं पाणी नॉर्मल झालं होतं, बघा, मोजलंय. पेशी नाही झाल्या. वर-खाली, वर-खाली करून त्या जास्त दमल्या."

मी वाद घालायला तोंड उघडले. पण अट माझी होती, आकडे मी मागितले होते, छटा मी पास केली होती आणि कागदावर सही माझी होती. भांडायला समोर कोणी शिल्लकच नव्हते.

शाल्मलीने प्रामाणिकपणे हेही सांगितले की, एका नाळेच्या पेशींवरून सिद्धान्त होत नाही, बशी म्हणजे माणूस नव्हे, आणि हे सगळे तिला पुन्हा पुन्हा करून पाहावे लागेल. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण खानोलकर नेमका हाच मुद्दा काढतात आणि तो त्यांना सुचल्यासारखा काढतात. तो त्यांना मीच सांगितला आहे.

निघण्यापूर्वी मी तिला म्हटले, बशा पुन्हा लाव. तोपर्यंत मी उजव्या डोळ्याने पाहत होतो. या वेळी डावा लावला. पहिली बशी, दुसरी, तिसरी. तिन्हींत एकच हिरवट धुके आणि मधोमध काळा डाग. मी फार वेळ पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला छटा सांगता आली नाही.

"डावा?" शाल्मलीने विचारले.

मी मान हलवली. तिने मागून खुर्ची सरकवली आणि मी बसलो. बसलो, पडलो नाही.

बोरीवली, परतल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावर गेलो. माझी पद्धत पाळणारे पाचही जण हजर होते. मी उभ्यानेच सांगितले की, तीन दिवसांची पद्धत मी मागे घेत आहे, ती चूक आहे, मी स्वतः पाहून आलो, आणि सगळ्यांनी ती तीन महिन्यांची तपासणी करून घ्यावी.

खानोलकर म्हणाले, "अरे दळव्या, तूच शिकवलंस, तूच छाती ठोकून सांगायचास आणि आता तूच म्हणतोस सोडा? नातीने घाबरवला तुला."

"मीच शिकवलं, म्हणून मीच सांगतोय," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाला मी ती खोडू दिली नसती."

यावर अर्धा तास वाद झाला आणि तो अजून चालू आहे. दोघांनी माझे ऐकले, दोघे विचार करीत आहेत, खानोलकरांचे तुम्ही वाचलेच आहे. नेत्रतज्ज्ञ बाईंकडून मी इंजेक्शनचा दिवस ठरवून घेतला. त्या म्हणाल्या, गेलेले सगळे परत येईल असे सांगत नाही, पण राहिलेले राखू. मला हे बोलणे सरळ वाटले.

मग ती तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, जिला पोट रिकामे लागत नाही. गुरुवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या रक्ततपासणीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीला मी सोळा वर्षांत पाठ झालेलो. तिने सुई काढता काढता सवयीने विचारले, काका, उपाशी आहात ना, तीन दिवस पथ्य झालं ना नेहमीचं.

मी म्हटले, "नाही. पथ्य केलेले नाही आणि आत्ताच नारळाच्या रसात बुडवून चार घावणे खाऊन आलो आहे. जे काय आहे ते सगळे येऊ दे."

आणि बाही वर केली.